ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइल

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आणि खोपोली-खालापूरच्या गाडीवाल्यांच्या बोलण्यात चलनाचा विषय कायमचा येऊन बसला. घाटात वेग थोडा वाढला, लेन सोडली, पट्टा लावायचा राहिला की दंड. टेम्पोवाला असो, टुरिस्ट गाडी चालवणारा असो की रविवारी पुण्याला पाहुण्यांकडे जाऊन आलेला असो, मनात एक शंका असतेच: आपल्यावर काही पडलं तर नसेल? व्हॉट्सॲपवरून लुबाडणारे भामटे नेमकी हीच शंका पकडतात. परिवहन खात्याचं बोधचिन्ह, तुमच्या गाडीने नियम मोडल्याचा मजकूर आणि खाली ‘आरटीओ चलन’ अशा नावाची एक फाइल. पुरावा पाहायचा तर ती उघडा, असं सांगितलेलं असतं. ती फाइल म्हणजे कागदही नसतो आणि फोटोही नसतो. ते एक ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं की तुमच्या बँकेचे मेसेज तुमच्याआधी दुसराच कोणी वाचू लागतो.

हे कल्पनेतलं संकट नाही. जुलै २०२४ मध्ये क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच खोट्या ई-चलन ॲपचा माग काढला. व्हिएतनाममधून काम करणाऱ्या एका टोळीने ते भारतात पसरवलं होतं. ४,४०० हून अधिक फोनमध्ये ते शिरलं होतं आणि टोळीने १६ लाख रुपयांच्या वर रक्कम काढली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. तारीख ३० ऑगस्ट, लग्नाला नक्की या, आणि खाली पीडीएफसारखी दिसणारी फाइल. पत्रिका समजून त्याने ती उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. चलन, पत्रिका, वीजबिल, बँकेचे बक्षीस गुण, पीएम किसानचा हप्ता: वेष्टन बदलतं, आतला माल तोच.

आधी एक गैरसमज दूर करू या, कारण त्याच्यापायी लोक एकतर विनाकारण घाबरतात किंवा हातपाय गाळून बसतात. ‘लिंकला नुसता हात लागला आणि फोन हॅक झाला’ असं आपण सर्रास ऐकतो. नुसता संपर्क साधून फोन ताब्यात घेणारी हेरगिरीची साधनं जगात आहेत. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून शिरणारं पेगासस उघडकीला आलं होतं. पण ती साधनं फार महाग असतात आणि निवडक माणसांवर वापरली जातात. आपल्याकडे येणारा माल तसा नसतो. त्याला तुमची परवानगी लागते, आणि तीही एकदा नाही. लिंक उघडली की आधी फाइल उतरते. मग ती बसवायची तर अँड्रॉइड फोन थांबवतो आणि विचारतो, या अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायचं का? होकार दिला, की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग संपर्क यादीची, कॉलची, नोटिफिकेशन वाचायची आणि शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. ही शेवटची परवानगी मुळात दृष्टिहीन आणि अपंग माणसांच्या सोयीसाठी आहे. तिच्या जोरावर ॲप तुमचा पडदा वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर मागे फिरता येतं. लिंक चुकून उघडली गेली असेल पण पुढे काही बसवलं नसेल आणि कुठे माहिती भरली नसेल, तर पान बंद करा, उतरलेली फाइल पुसून टाका. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट छोटी आहे. कोणतंही चलन, पत्रिका, बिल किंवा सरकारी आदेश वाचण्यासाठी ॲप बसवावं लागत नाही. कागद उघडताना फोनने ‘इन्स्टॉल’ हा शब्द दाखवला, तर तो कागद नाही. फाइलच्या नावाचा शेवट पाहा. पीडीएफ, जेपीजी ही कागदाची आणि चित्राची नावं, पण शेवटी ‘डॉट एपीके’ असेल तर ते ॲप आहे. कधीकधी नाव मुद्दाम ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके’ असं लांबवलेलं असतं, म्हणजे छोट्या पडद्यावर पीडीएफ तेवढं दिसावं. शेवटची तीन अक्षरं खरी धरायची. बसवताना ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं कोणी सांगितलं, तर पुढे एक शब्दही ऐकू नका. फोनमधली ती गुगलची पहारेकरी सोय आहे आणि चोरालाच ती नडते.

आता यातला सगळ्यात फसवा भाग. बहुतेकांना वाटतं, अनोळखी नंबरवरून आलेलं उघडायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. पण हा माल सहसा ओळखीच्या नंबरवरूनच येतो. मामाच्या नंबरवरून, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नंबरवरून, कंपनीतल्या जोडीदाराच्या नंबरवरून. युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ईमेलच्या पत्तावहीतल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवून. प्रत्येकाला तो ओळखीच्या माणसाकडूनच मिळत होता. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे ‘व्हॉट्सॲप गुलाबी करा’ अशी लिंक फिरली, तीही याच वाटेने, ग्रुपमागून ग्रुप.

मामाचा नंबर चोराच्या हाती जातो कसा? मामांनी आधी कुठली तरी एपीके फाइल बसवलेली असते. ते ॲप त्यांचे एसएमएस वाचत असतं. चोर स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप उघडतो आणि मामांचा नंबर टाकतो. सहा आकडी कोड मामांच्या फोनवर येतो आणि ॲपमार्फत त्याच क्षणी चोराकडे पोहोचतो. मामांचं व्हॉट्सॲप आता त्याच्याकडे असतं. पुढच्या काही मिनिटांत त्यांच्या प्रत्येक ग्रुपवर तीच फाइल पडते. यात मामांनी काहीच पाठवलेलं नसतं. तुम्ही चॅटमध्येच विचारलंत, ‘मामा, हे काय आहे?’ तर उत्तरही चोरच देतो, ‘उघडून बघ, महत्त्वाचं आहे.’ म्हणून खात्री करायची ती फोन लावून, आवाज ऐकून. ते शक्य नसेल, तर फाइल तशीच पडू द्या. न उघडलेली फाइल काहीही करत नाही.

आपल्या भागात ही काळजी जास्त घ्यायला हवी असं मला वाटतं, कारण इथलं रोजचं जगणं ग्रुपवर चालतं. कारखान्यातल्या पाळ्यांचे ग्रुप, खोपोली-कर्जत लोकलच्या प्रवाशांचे ग्रुप, शाळेचे, गणेशोत्सव मंडळाचे, बचतगटाचे. बोरघाटात गाडी उलटली की मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांना निरोप मिळतो तोही व्हॉट्सॲपवरच. अशा ग्रुपवर आलेली फाइल माणूस विचार न करता उघडतो, आणि त्याचं काही चुकत नाही. त्या ग्रुपवर विश्वास असायलाच हवा. तो टिकवण्याचं काम ॲडमिनचं आहे. ग्रुपमधल्या कोणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनकडे असते. एपीके फाइल दिसली की ती ताबडतोब पुसायची, ज्याच्या नंबरवरून आली त्याला काही काळ ग्रुपबाहेर काढायचं, त्याला फोन करून सांगायचं, आणि ग्रुपवर लिहायचं की अशी फाइल आली होती, कोणी उघडली असेल तर लगेच बोला. ‘कोणी उघडली?’ असं दरडावून विचारलं, तर कोणीच बोलत नाही.

लिंक खरी की खोटी हे ओळखायला थोडा सराव लागतो, पण तो शाळकरी मुलालाही जमतो. वेबसाइटच्या पत्त्यात ‘एचटीटीपीएस’मागच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा. तिच्या अगदी आधी जे असतं, तोच खरा मालक. सरकारी पत्त्यात तिथे ‘गव्ह डॉट इन’ असतं. ‘महाराष्ट्र’, ‘गव्ह’, ‘योजना’ हे शब्द पत्त्यात सुरुवातीला किंवा मध्ये कोणीही घालू शकतो. शेवट ‘एक्सवायझेड’, ‘टॉप’, ‘ऑनलाइन’ असा काही असेल, तर तो सरकारचा पत्ता नव्हे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा लगोलग खोटी पानं उभी राहिली. खरा पत्ता ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे, आणि त्यात इंग्रजीत ‘लाडकी’तल्या ‘ड’साठी ‘डीए’ ही दोन अक्षरं आहेत. जुन्या गाड्यांच्या सुरक्षा नंबरपाट्यांची सक्ती आली, तेव्हाही असंच झालं. नवी योजना किंवा नवी मुदत जाहीर झाली, की पुढचे काही आठवडे तिच्या नावाने आलेली प्रत्येक लिंक संशयाने पाहा. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊच नका. पत्ता स्वतः टाइप करा.

चलनाचंही तसंच. राज्याच्या वाहतूक पोलिसांचं ‘महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन’ हे संकेतस्थळ आहे. तिथे गाडीच्या नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतात. ते आरसी पुस्तकावर असतात, म्हणून गाडीमालकाने ते एकदा लिहून ठेवावेत. दंड असेल तर तिथे फोटोसकट दिसतो. दिसत नसेल, तर व्हॉट्सॲपवर आलेलं ते चलन खोटं.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यायला सांगितलं. ही शेपटी फक्त बँकांनाच मिळते. तुमच्या बँकेचं पान म्हणून उघडलेल्या पत्त्याचा शेवट तसा नसेल, तर पासवर्डचं पहिलं अक्षरही टाकू नका.

वीजबिलाच्या मेसेजबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो इथे फार लागू पडतो. ‘मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा.’ पावसाळ्यात आपल्याकडे वीज तशीही जाते, आणि अंधारात बसलेल्या माणसाला हा मेसेज शंभर टक्के खरा वाटतो. फोन केला, की पलीकडचा ‘अधिकारी’ दहा रुपये भरायला एक लिंक देतो किंवा तुमचा पडदा त्याला दिसेल असं ॲप बसवायला सांगतो. महावितरण कोणा माणसाच्या वैयक्तिक मोबाइलवरून असे निरोप पाठवत नाही. शंका आली तर १९१२ लावा किंवा कार्यालयात जा.

आता फोनमध्ये आजच करून ठेवायच्या काही गोष्टी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट’ उघडा, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. मामांच्या उदाहरणात हा पिन असता, तर नुसत्या कोडवर चोराला व्हॉट्सॲप उघडता आलं नसतं. एवढं एकच काम या लेखावरून केलंत, तरी तुमच्या ग्रुपमधल्या शेकडो माणसांचं रक्षण होतं. त्यानंतर ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन डॉक्युमेंट आपोआप उतरणं बंद करा. ‘प्रायव्हसी’मध्ये ग्रुपची मुभा फक्त तुमच्या संपर्कांना द्या, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कुठल्याही ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायची चौकट असते. तिथे ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ असं टाका. जी यादी येईल त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स यांच्यापुढे परवानगी दिलेली असेल, तर काढून टाका. फोन विकत घेताना दुकानदाराने किंवा गेम उतरवताना मुलाने ती कधीतरी चालू केलेली असते आणि नंतर बंद करायला कोणाला आठवत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट लावून ‘प्ले प्रोटेक्ट’ सुरू आहे ना, हे पाहा. आयफोनवर एपीके चालत नाही, पण खोट्या पानावर पासवर्ड भरला तर आयफोनवाल्याचंही खातं रिकामं होतं. यूपीआय ज्या खात्याला जोडलं आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत, ही सवयही फार कामाची. ठेवी आणि निवृत्तीची रक्कम वेगळ्या खात्यात असू द्या.

तरीही फाइल बसली. मग काय? इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि माणसं गोंधळून नेमका उलटा क्रम धरतात. आधी ते व्हॉट्सॲप काढून टाकतात. मग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातात, तिथे फोन फॉरमॅट होतो, आणि बँकेला सांगायचं दुसऱ्या दिवसावर जातं. तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

पहिलं काम, फोनचं इंटरनेट तोडणं. एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद आहे ना ते पाहा. मग सिमकार्ड बाहेर काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, साधा बटणांचा असला तर उत्तमच. यामुळे दोन गोष्टी साधतात. ओटीपी आता त्या बाधित फोनवर जात नाहीत, आणि बँकेशी तुमच्या नोंदलेल्या नंबरवरून बोलता येतं. दोन सिम असतील, तर दोन्ही काढा.

दुसरं काम, पैसे. अजून पैसे गेले नसतील तरीही बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. पैसे गेले असतील, तर बँकेसोबतच १९३० लावा. २०२१ मध्ये हीच मदतवाहिनी १५५२६० या नंबरने सुरू झाली होती. इथली तक्रार थेट बँकांच्या साखळीत जाते. तुमच्या खात्यातून पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढे ज्या खात्यात गेले, त्या त्या बँकेला सूचना पोहोचते आणि जे काढायचे राहिले असतील ते तिथेच रोखले जातात. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. खोपोली पोलीस ठाण्यात जाणं, अलिबागच्या सायबर पोलीस ठाण्याशी बोलणं, हे नंतरही करता येईल, पण १९३० आधी. लाइन लागत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार भरा. ईमेल, बँक, यूपीआय यांचे पासवर्ड आणि पिनही दुसऱ्याच फोनवरून बदलायचे. बाधित फोनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराला सांगणं.

तिसरं, पुरावा. फाइल पुसण्याआधी तो मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव आणि वेळ यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून घ्या.

आणि मग सफाई. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. पॉवरचं बटण दाबून धरलं की ‘पॉवर ऑफ’ दिसतं, त्या अक्षरांवर बोट दाबून ठेवलं की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. काही फोनमध्ये सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. या अवस्थेत बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत. आता सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मध्ये पूर्ण यादी उघडा. हे ॲप बहुतेकदा मुख्य पडद्यावर दिसत नाही, बसल्यावर ते स्वतःचं चिन्ह लपवतं. यादीत ते बिननावाचं, ‘कस्टमर सपोर्ट’, ‘आरटीओ’, ‘पीएम किसान’ अशा किंवा अगदी बँकेच्या नावाने असू शकतं. कोणत्या दिवशी फाइल उघडली ते आठवा आणि त्या दिवशी आलेली ॲप तपासा. काढायला गेलात आणि ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसलं, तर त्याने प्रशासकाचा हक्क घेतलेला असतो. शोधायच्या चौकटीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाका, तिथून त्याचा हक्क काढा, मग ते निघतं. तसंच ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’, ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ आणि ‘डिफॉल्ट एसएमएस ॲप’ या चारही ठिकाणी अनोळखी नाव राहिलेलं नाही ना ते पाहा. मूळ एपीके फाइल ‘डाउनलोड्स’मधून आणि व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंटमधूनही पुसा. फोन नेहमीसारखा सुरू करा, वायफाय जोडा, पण सिम अजून घालू नका. प्ले प्रोटेक्टने तपासणी करा आणि अँड्रॉइडचं अपडेट आलं असेल तर ते घ्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं मोफत मिळतात. त्यातलं एक पुण्याच्या क्विक हीलचं आहे.

एवढं करूनही फोन तापत असेल, मेसेज आपोआप जात असतील किंवा ते ॲप परत उगवत असेल, तर फॅक्टरी रीसेट करा. फोटो आणि नंबर आधी काढून घ्या, पण जुन्या बॅकअपमधली ॲप जशीच्या तशी परत आणू नका. एकेक ॲप प्ले स्टोअरमधून नव्याने घ्या. बँकेचं ॲप वापरणाऱ्या माणसाने तर शंका राहिली असेल तर रीसेटच करावं, असं माझं मत आहे. तासा-दोन तासांचा त्रास परवडतो.

व्हॉट्सॲप परत मिळवायला ते पुन्हा बसवा, आपला नंबर आणि आलेला कोड टाका. चोर त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. मात्र त्याने मधल्या काळात स्वतःचा पिन लावलेला असेल, तर सात दिवस थांबावं लागतं. आत आल्यावर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तिथलं अनोळखी यंत्र काढा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहा, तिथे दुसऱ्या कोणाचा नंबर असेल तर तो पुसा. आणि ओळखीच्यांना लगेच कळवा, की माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका.

झेरॉक्स, ई-सेवा आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारांसाठी स्वतंत्रपणे लिहायला हवं. खोपोलीच्या बाजारपेठेत किंवा कर्जत स्टेशनाबाहेर अशा कोणत्याही दुकानात दिवसभर व्हॉट्सॲप वेब उघडं असतं. कोणीही येतो, आधार, सातबारा, रिझ्युमे पाठवतो आणि दुकानदार पटकन उघडून प्रिंट मारतो. त्याच संगणकावर गावाची निम्मी कागदपत्रं पडलेली असतात आणि दुकानाचं बँक खातंही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये एक व्हायरस असाच पसरला. व्हॉट्सॲपवर ‘झिप’ फाइल यायची, ती विंडोजच्या संगणकावर उघडली, की उघड्या असलेल्या व्हॉट्सॲप वेबमधून तो सगळ्या संपर्कांना आणि ग्रुपना स्वतःला पाठवायचा. व्हॉट्सॲपच्या विंडोजवरच्या ॲपमध्येही एप्रिल २०२५ मध्ये एक त्रुटी उघड झाली. चित्र म्हणून दिसणारी फाइल प्रत्यक्षात प्रोग्रॅम असू शकत होती. २.२४५०.६ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली आहे, त्याआधीचं ॲप अजून वापरत असाल तर आजच बदला.

अशा दुकानांनी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं दिसतील अशी व्यवस्था करावी. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. प्रिंटसाठी पीडीएफ, जेपीजी आणि वर्ड एवढंच स्वीकारायचं. झिप, ईएक्सई, एलएनके, व्हीबीएस, जेएस अशा शेवटाची फाइल गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी उघडायची नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून यंत्र शक्य असेल तर ११ वर न्यावं. फुकटात ‘क्रॅक’ केलेलं अँटिव्हायरस वापरण्यापेक्षा विंडोजचं स्वतःचं डिफेंडर चालू ठेवणं कितीतरी बरं. संगणक बाधित झाल्याचा संशय आला, तर नेटची वायर काढा, फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून त्या संगणकाला बाहेर काढा आणि ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उघडायच्या आत तपासणी होते. नंतर पूर्ण स्कॅन करा, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा. आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रं रोज रात्री पुसत चला. जे संगणकावर नाही, ते चोरीला जात नाही.

खालापूर आणि कर्जतच्या वाड्या-पाड्यांवर अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो सगळे वापरतात. योजनेचे पैसे त्याच फोनशी जोडलेल्या खात्यात येतात. अशा घरातल्या माणसाला ‘सेटिंग्ज तपासा’ म्हणून चालत नाही, कोणीतरी शेजारी बसून ते करून द्यावं लागतं. अंगणवाडी ताई, शिक्षक, बचतगटाच्या अध्यक्षा, शिकलेला पुतण्या यांनी हे काम अंगावर घ्यावं. घरातल्या वयस्कर माणसाने फाइल उघडली असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका. भीतीने ते गप्प बसतात. मग जो पहिला तास हाती असतो, तो त्या गप्प बसण्यात जातो.

त्या तासाची किंमत नियमातही आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसाच नियम लागू केला. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाला काहीच सोसावं लागत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख-वेळेसह पोचशिक्का घ्या आणि १९३० वर मिळालेला तक्रार क्रमांक त्या अर्जात लिहा.